सेकंदांच्या हिशेबाने विस्कटलेली घडी

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची आवृत्ती बदलावी आणि पडद्यावर ‘अवलंबून असलेली पॅकेजे उपलब्ध नाहीत’ असा संदेश झळकावा, की वापरणाऱ्याचा सारा रोष प्रणाली तयार करणाऱ्यांवर निघतो. तो दर वेळी रास्त असतोच असे नाही. १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या ‘डेबियन’ प्रकल्पात २०२४ च्या पूर्वार्धात जे घडले, ते या दृष्टीने बोलके आहे.

लिनक्समधील प्रोग्रॅम सहसा आपला सगळा संसार पाठीवर घेऊन फिरत नाहीत. अनेकांना लागणारी कामे ‘लायब्ररी’ नावाच्या सामाईक पॅकेजांवर सोपवलेली असतात. लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त केला, की तिच्यावर विसंबणाऱ्या सर्वांना लाभ होतो. मात्र लायब्ररीची अंतर्गत रचना बदलली, तर त्या सर्वांची बांधणी नव्याने करावी लागते.

असा बदल अटळ झाला तो काळाच्या मोजणीमुळे. युनिक्स परंपरेतील संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांच्या जागेत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मावत नाही. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा संपेल आणि जुन्या पद्धतीने मोजणारी घड्याळे १९०१ सालात जाऊन पडतील. त्यावर उपाय म्हणून डेबियनने ही जागा ६४ बिटांची करण्याचे ठरवले. परंतु एक प्रोग्रॅम जुन्या मापाने बोलणारा आणि लायब्ररी नव्या मापाची, असे झाल्यास माहितीचा विचका होतो. म्हणून शेकडो लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडण्यात आले. ज्या ६४ बिटी संगणकांवर मूळ अडचण नव्हतीच, तेथेही नावे बदलली. कारण पॅकेजांचे भांडार सर्वांसाठी सामाईक आहे. परिणामी चाचणीसाठीची ‘अनस्टेबल’ शाखा वापरणाऱ्यांना काही काळ पॅकेजे अडकण्याचा आणि चालू असलेली पॅकेजे काढून टाकण्याच्या सूचनांचा अनुभव घ्यावा लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ‘ॲप्ट’ ही व्यवस्था अडते, ती विसंगत पॅकेजे एकत्र नांदू नयेत म्हणून. तिला डावलून बळजबरीने पॅकेज बसवणे म्हणजे दुखणे दडपणे होय. काय काढले जाणार याची यादी होकार देण्यापूर्वी वाचणे, हाच पहिला उपाय. स्थिर आवृत्तीत गुंता होतो तो बहुधा बाहेरच्या भांडारांमुळे किंवा जुन्या आवृत्तीवर रोखून धरलेल्या पॅकेजांमुळे. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी, ती भांडारे बंद करावीत आणि रोखलेली पॅकेजे मोकळी करावीत. मग अर्धवट राहिलेली मांडणी पूर्ण करून ‘फिक्स-ब्रोकन’ हा पर्याय वापरला, तर बहुतेक गाठी सुटतात.

९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘ट्रिक्सी’ ही डेबियनची तेरावी आवृत्ती आली, ती हे स्थित्यंतर पचवूनच. चाचणी शाखेने सोसलेल्या त्रासाचे फळ सामान्य वापरकर्त्यांच्या पदरात पडले. तथापि सर्वांची सुटका झालेली नाही. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी संगणकांसाठी डेबियनने काळाचे माप बदललेले नाही. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत, हाच त्या शाखेचा आता उद्देश आहे. ट्रिक्सीत तर त्या संगणकांसाठी स्वतंत्र कर्नेल वा इन्स्टॉलरही नाही. जुनी यंत्रे लिनक्सच्या भरवशावर चालवणाऱ्या शाळांनी आणि लहान कार्यालयांनी याची दखल घेणे भाग आहे. ‘चालते आहे तर हात कशाला लावा’ हे धोरण वरकरणी शहाणपणाचे वाटते. पण टाळलेला प्रत्येक बदल पुढच्या बदलात साचतो. काम बंद ठेवता येण्याजोगी वेळ पाहून, हाताशी प्रत असताना केलेली दुरुस्ती नेहमीच स्वस्त पडते.