लिहिलं नाही, ते झालंच नाही

तलासरीतून निघायचं, अच्छाडचा नाका ओलांडायचा, भिलाडवरून नरोली आणि मग सिल्वासा. सकाळच्या शिफ्टला पोचेपर्यंत महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा नगर हवेली, अशा तीन हद्दी होतात. केमिस्ट्रीत बीएस्सी, एमएस्सी केलेली आपली बरीच पोरंपोरी या रस्त्यावर असतात. मीही त्यातलाच एक. हा लेख त्यांच्यासाठी, आणि जे उद्या या रस्त्याला लागणार आहेत त्यांच्यासाठी.

काम नाही असं नाही. सिल्वासात गोळ्या-कॅप्सूलचे कारखाने आहेत, शेजारी वापी आहे, इकडे बोईसर-तारापूर. औषधनिर्मितीचे नियम, म्हणजे शेड्यूल एम, २०२३ च्या अखेरीस नव्याने आले आणि कडक झाले. तपासणी वाढली की क्यूसीत माणूस लागतोच. अडतं ते पहिल्या पायरीवर. मुलाखतीत पहिला प्रश्न, "एचपीएलसी चालवलंय का?" कॉलेजात आपण ब्युरेट धरून टायट्रेशन केलेलं असतं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग कोणीतरी ठेकेदाराचा नंबर देतो.

मी तसाच लागलो. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी सीनियरने सांगितलं, "इथे जे लिहिलं नाही, ते झालंच नाही." वजन केलं की लगेच नोंद. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. मागची तारीख टाकायची नाही. दोन वर्षं मी हे नेमाने पाळलं. एचपीएलसी शिकलो, डिझोल्युशन शिकलो, रात्रपाळ्या केल्या.

मग दुसरीकडे मुलाखतीला गेलो. अनुभवाचं पत्र पुढे ठेवलं. समोरच्या साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. पत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर होतं. पद लिहिलं होतं, हेल्पर.

माझ्या शेकडो सह्या त्या कंपनीच्या कपाटात होत्या. माझ्या हातात मात्र हेल्परचा कागद. जे लिहिलं नाही, ते झालंच नाही!

हे फक्त मानापमानाचं नाही. औषध नियम १९४५ बघा. औषधनिर्मितीवर देखरेख करणारा तज्ज्ञ म्हणून मान्यता हवी, तर केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला पदवीनंतर औषधनिर्मितीचा किमान तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तपासणी विभागाचा प्रमुख व्हायचं तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचा तपासणीचा अनुभव पुरेसा वाटावा लागतो. हा अनुभव कागदावरूनच मोजणार. चुकीचं पद म्हणजे वाया गेलेली वर्षं.

"कागद मागितला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." ही भीती खरी आहे, मलाही होती. ठेकेदाराकडून लागूच नका, असंही मी म्हणत नाही, कारण काही जणांसाठी दार तेवढंच उघडं असतं. पण आता कायद्याचा थोडा आधार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं आहे. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या ठेकेदाराने, मागितल्यावर, कोणतं काम केलं याच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला द्यायचा आहे.

म्हणून जॉइन होतानाच तीन गोष्टी बघा: कागदावर मालक कोण, पद काय, काम काय. 'क्यूसी केमिस्ट' ऐवजी दुसरं काही लिहिलं असेल तर तिथेच विचारा. फॉर्म इंग्रजीत असेल, गुजरातीत असेल, समजत नसेल तर सही करायची घाई करू नका. न समजणं ही लाज नाही, न समजता सही करणं महागात पडतं. कोणतं यंत्र कधी शिकलो, कोणती ट्रेनिंग झाली, याची स्वतःची वही ठेवा. कंपनीचे आकडे आणि पद्धती मात्र त्यात उतरवायच्या नाहीत, ते गुपित आहे. आणि जमत असेल तर ठेकेदाराआधी सरकारी अप्रेंटिसशिपचा अर्ज भरा. पैसे कमी असतात, पण शेवटी हातात प्रमाणपत्र येतं.

जे आधीच कामाला आहेत, त्यांनी आज रात्री मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा. आस्थापनेच्या जागी कोणाचं नाव आहे ते बघा. आणि गावातलं पुढचं पोरगं किंवा पोरगी सिल्वासाच्या गाडीत बसायच्या आधी, त्यांना हे सांगा. मला कोणी सांगितलं नव्हतं.