गंजलेल्या मोटारीचा जीर्णोद्धार

"जुनें तें सोनें" ही म्हण आमच्या समाजानें आजवर तांब्यापितळेच्या भांड्यांस, सागवानी कपाटांस व फार तर आजोबांच्या मतांस लाविली होती. अलीकडे ती लोखंडी पत्र्यासही लागूं झाली आहे. सोन्यास गंज चढत नाहीं व पत्र्यास चढतो, हा भेद मात्र म्हण लावणारांच्या ध्यानांत राहिलेला दिसत नाहीं. आमच्या ओळखीच्या सुशिक्षित कुटुंबांत एक नवा छंद शिरला आहे. कोणाच्या तरी खळ्यांत, जिनिंगच्या आवारांत किंवा गॅरेजच्या मागल्या अंगणांत वर्षानुवर्षें पडून असलेली एखादी फियाट अथवा पद्मिनी शोधून काढावयाची, ती विकत घ्यावयाची, आणि तिला पूर्ववत् करण्याचा संकल्प सोडावयाचा. हा संकल्प बहुधा दिवाणखान्यांत सुटतो; त्याचें उदक मात्र बायकोच्या हातावर पडतें.

आम्ही या छंदाच्या विरुद्ध आहों. आमचा विरोध अरसिकतेंतून आलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. या मोटारीविषयीं जिव्हाळा वाटावा असें तिच्या इतिहासांत पुष्कळ आहे, आणि त्यांतील एक धागा तर थेट धुळ्यापर्यंत येऊन पोंचतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत लागले, तेव्हां त्यांच्या आरंभींच्या कामगिऱ्यांपैकीं एक धुळ्याकडे पांझरेच्या पाण्यावर नळ बसविण्याची होती. याच गृहस्थांनीं पुढें पन्नास वर्षांनीं, उतारवयांत, युरोप-अमेरिकेंतील मोटारींचे कारखाने पाहून हिंदुस्थानांत तसा कारखाना काढण्याची योजना आंखली, व सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं ती उचलून धरिली. १९३९ त मुंबईचें काँग्रेस मंत्रिमंडळ गेलें, महायुद्ध आलें, दिल्लीच्या सरकारनें हात आंखडला. तरी १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ त कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. आरंभीं अमेरिकन बनावटीच्या गाड्या, मग इटलीच्या फियाटशीं करार, १९६४ पासून अकराशें डिलाइट, आणि सत्तरीच्या दशकांत तिचेंच नांव पद्मिनी. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन संपलें. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींपैकीं शेवटचीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा भरतांच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तीही गेली. वडिलांनीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिली आणि एके दिवशीं दारांत पद्मिनी येऊन उभी राहिली, ही आठवण ज्या घरांत आहे त्या घरास ती पुन्हां दारांत असावी असें वाटलें तर त्यास हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आमचा वाद त्या वाटण्याशीं नसून त्यासाठीं केल्या जाणाऱ्या व्यवहाराशीं आहे.

गेल्या उन्हाळ्यांत जळगांवच्या एका तरुण प्राध्यापकांनीं आमचा सल्ला विचारिला. धुळ्यास आग्रा रोडलगत एका आवारांत १९८२ ची पद्मिनी उभी होती. मालक पंचेचाळीस हजार मागत होता. चाकांत हवा नव्हती, इंजिन फिरत नव्हतें. "पण बॉडी शाबूत आहे, सर," असें ते मोठ्या उमेदीनें म्हणाले. त्यांच्या पत्नी शाळेंत शिक्षिका आहेत. चहाचे कप ठेवतां ठेवतां त्या एवढेंच बोलल्या, "सर, तुम्हीच सांगा यांना. मुलीच्या इंजिनिअरिंगची ठेव मोडायची म्हणताहेत." तेव्हां एरंडोल-पारोळ्यावरून आम्ही त्या गाडीच्या दर्शनास गेलों. सोबत जळगांवचा एक वयस्क डेंटर होता. त्यानें गाडीची स्तुति ऐकून घेतली, दरवाजाखालच्या पट्टीवर पेंचकसाची मूठ दोन-चार ठिकाणीं ठोकली, आणि मग पेंचकस उलटा धरून सहज दाबला. तो मुठीपर्यंत आंत गेला.

हा प्रसंग त्या एका गाडीचा नव्हे. तो तिच्या जातीचा आहे, आणि तो कां घडतो हें समजून घेणें जरूर आहे. जीपगाडीस खालीं दोन लोखंडी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असतो व वरचें शरीर त्यावर बसविलेलें असतें. वरचा पत्रा सडला तरी तुळया भार घेतात. फियाट अकराशें व तिची मुलगी पद्मिनी यांस असा सांगाडाच नाहीं. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी होते व तीच सर्व भार वाहते. पद्मिनींत पत्रा हेंच हाड आहे. आणि गंज नेमका कोठें बसतो? जेथें दोन पत्रे एकावर एक येतात, जेथें पाणी जाण्याचीं भोंकें पालापाचोळ्यानें बुजतात, सुट्या चाकाखालीं, चाकांच्या कमानींच्या आंतल्या अंगास, आणि त्या पोकळ पट्ट्यांत. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतो; म्हणून तो दोन पत्र्यांमध्यें शिरला कीं त्यांस आंतूनच फाकवितो. बाहेर रंगास फुगवटी दिसूं लागते तेव्हां आंतलें काम बहुतेक आटोपलेलें असतें.

"पण आपला खानदेश कोरडा, येथें गाडी कशी गंजेल?" हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद आहे, व त्यांत अर्धें सत्य असल्यामुळें तो अधिक घातक आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेंत गाडी लवकर सडते, जळगांवच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत ती सडत नाहीं, हें चालत्या गाडीपुरतें खरें. परंतु उभी गाडी उन्हाळ्यांत उभी राहत नाहीं, ती बारा महिने उभी असते. तापीकांठची काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन बसते व तें सोडावयास महिने घेते. तिच्यावर चाकें बसलेली, वर निंबाचा पाला पडलेला, अशी गाडी चार महिने खालून वाफ घेत असते. उन्हानें मग दुसरें काम केलेलें असतें: रबराच्या पट्ट्या तडकतात, कांचेच्या कडेनें पाणी आंत उतरूं लागतें, तारांवरील वेष्टन चुरमुऱ्यासारखें फुटतें. शिवाय येथें विकावयास आलेली प्रत्येक गाडी येथेंच आयुष्य काढलेली असते असें थोडेंच आहे?

आतां जीर्णोद्धार म्हणजे प्रत्यक्षांत काय करितात तें पाहावें. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावयाचा, त्याच जाडीचा नवा पत्रा घडवून जोडावयाचा, आणि हें करण्यापूर्वीं गाडीस आंतून आडवे टेकू द्यावयाचे. नाहींतर पट्ट्या कापतांच पेटी मध्यें दबते व दरवाजे जन्मभर लागत नाहींत. हें काम जाणणारे डेंटर अजून आहेत, पण थोडे. त्यांचीं मुलें अपघातांतल्या नव्या गाड्यांचे तयार भाग बदलण्याच्या कामांत गेलीं, व तें साहजिक आहे. उरलेल्या ठिकाणीं जें होतें त्यास जीर्णोद्धार म्हणणें म्हणजे भाषेचा अपमान आहे. सडक्या पत्र्यावर दुसऱ्या पत्र्याचें ठिगळ, त्यावर रंगारी जिला लांबी म्हणतात तो लेप, त्यावर घासणी, आणि त्यावर आरशासारखा रंग. छायाचित्र उत्तम येतें. लेपाखालीं गंज शांतपणें आपलें काम चालूं ठेवतो. ज्यांस परीक्षा करावयाची असेल त्यांनीं चिंधींत गुंडाळलेलें लोहचुंबक गाडीभर फिरवावें. जेथें तें धरत नाहीं तेथें लोखंड नाहीं. तसेंच गाडी एका बाजूनें जॅकवर उचलावी व दरवाजा उघडून लावून पाहावा. तो अडूं लागला तर पुढची बोलणीं करूंच नयेत.

आमच्या डेंटरास प्राध्यापकांनीं खर्चाचा अंदाज विचारला. तो म्हणाला, "सर, पत्रा कापल्याशिवाय आंत काय आहे ते मला कळणार नाही. न कापता जो आकडा सांगेल तो खोटं बोलेल." आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील अत्यंत प्रामाणिक वाक्य हेंच होय. पगारदार कुटुंबानें कोणता खर्च करावा व कोणता करूं नये यावर मतभेद होऊं शकतील. पण ज्याची सीमा खर्च करून झाल्यावरच कळते असा खर्च मुलीच्या ठेवींतून करूं नये, यावर दुमत होण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. घर बांधणारास निदान नकाशा तरी दाखवितात.

यावर आमचे कित्येक विद्वान् मित्र "वारसा" हा शब्द काढतात, आणि तो काढला कीं पैशाची गोष्ट बोलणारा माणूस आपोआप क्षुद्र ठरतो. म्हणून त्या शब्दाच्याच भूमीवर येऊं. धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच गांवीं वारले. त्यांचें नांव धारण करणाऱ्या या संस्थेंत जुने कागद व पोथ्या जतन केल्या आहेत. वाळवीनें खाल्लेला कागद हातीं आला तर संशोधक काय करितो? वाळवी थांबवितो, कागद कोरडा ठेवतो, छापतांना गेलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें देतो. गेलेल्या जागीं स्वतःच्या हातानें नवा मजकूर घालून, वर कागदास तकाकी आणून, हा पहा मूळ लेख, असें जर कोणी सांगूं लागला तर त्यास आपण काय म्हणूं? गंजानें पोखरलेल्या गाडीचा तळ नवा, पट्ट्या नव्या, कमानी नव्या, गादी नवी, रंग कारखान्यानें कधीं दिलाच नाहीं असा भडक लाल. आणि त्यांत पुष्कळदां दुसऱ्याच कंपनीचें इंजिन. हा वारसा कोणाचा? जतन आणि जीर्णोद्धार हे दोन भिन्न धर्म आहेत. जें धड आहे तें धड ठेवणें हें जतन. गाडीच्या बाबतींत तें तेल, ग्रीस, कोरडी जागा आणि आठवड्यांतून एक फेरी इतक्या साध्या गोष्टींनीं होतें, व म्हणूनच त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं.

अहमदाबादेजवळ कठवाडें येथें प्राणलाल भोगीलाल यांनीं उभारलेला जुन्या मोटारींचा संग्रह प्रसिद्ध आहे. तेथील उदाहरण आमच्यापुढें नेहमीं फेंकलें जातें. धनिकानें आपल्या धनानें संग्रह करावा हें ठीकच. दोन पगारांच्या घरानें त्याच्याशीं स्पर्धा कशासाठीं करावी?

कायद्याचा विचार तर खरेदीच्या उत्साहांत कोणी करीतच नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ सालीं झालेल्या सुधारणेप्रमाणें, पन्नास वर्षांवरील व मूळ स्वरूपांत राहिलेल्या खासगी गाडीस "विंटेज" म्हणून नोंदतां येतें. सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, नंतर पांच हजार. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यांसाठींच रस्त्यावर आणतां येते. रोज कॉलेजांत नेतां येत नाहीं. आणि १९८२ च्या गाडीस पन्नास वर्षें २०३२ त पुरीं होणार! तोंवर ती साधी जुनी गाडी. तिची नोंदणी तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठीं त्याचें शुल्क ऑगस्ट २०२५ मध्यें दहा हजार करण्यांत आलें. धुळ्याच्या त्या गाडीचें नोंदणी-पुस्तक मालकाच्या दिवंगत चुलत्याच्या नांवें होतें. वारस चार, पैकीं एक सुरतेस. एवढ्यावरच शहाण्यानें चपला घालाव्या.

"पुढें किंमत वाढेल" असें म्हणणारांस आम्ही उत्तर देत नाहीं; त्यांनीं सोनें घ्यावें. "भंगारांत घालण्यापेक्षां वापरणें पृथ्वीच्या हिताचें" असें म्हणणारांचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. परंतु तोच आमच्या बाजूनें वळतो. एक संपलेली गाडी उभी करण्यास चार गाड्यांचे भाग खर्ची पडतात. त्याच संपलेल्या गाडीचे भाग चार चालत्या गाड्यांस दिले तर त्या चारही आणखी कांहीं वर्षें चालतात. मुंबईंत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोंवर या भागांना रोजचें गिऱ्हाईक होतें. तें गेल्यावर कांच, कुलूप, दिव्याची कडी यांसाठीं चालत्या गाडीच्या धन्यास चोरबाजार पालथा घालावा लागतो. अशा वेळीं सडकी गाडी अडकवून ठेवणारा हौशी गृहस्थ पद्मिनीचा रक्षक नव्हे.

एक अपवाद आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. ज्यास स्वतःस पत्रा कापतां येतो, झाळतां येतो, ज्याच्या पाशीं छप्पर असलेली कोरडी जागा आहे, आणि जो वर्ष-दोन वर्षें रविवार देण्यास तयार आहे, त्यानें गंजकी गाडी अवश्य घ्यावी. भुसावळच्या रेल्वे कारखान्यांत हयात घालविलेल्या एखाद्या निवृत्त फिटरानें असें केलें तर आम्ही त्याच्या अंगणांत जाऊन बसूं व हातोडी देऊं-घेऊं. त्याचा खर्च वेळेचा आहे, आणि वेळ त्याचा स्वतःचा आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकानें हा अधिकार चित्रफिती पाहून मिळत नाहीं हें समजून घ्यावें.

बाकीच्यांस पद्मिनीच हवी असेल तर थांबावें, आणि चालती गाडी पाहावी: जिचा धनी म्हातारा झाला आहे, जी पावसांत उभी राहिलेली नाहीं, जिचा मूळ रंग फिकटला असला तरी तळ वाजतो आणि जिचीं कागदपत्रें एकाच नांवावर आहेत. ती गंजक्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट पैशांस मिळेल. तरीही ती स्वस्त पडेल, आणि आकडा पहिल्याच दिवशीं कळेल. आमच्या प्राध्यापकमित्रांनीं ठेव मोडलेली नाहीं; ते अशा गाडीच्या शोधांत आहेत व त्यांच्या पत्नीची त्यास हरकत नाहीं. धुळ्याच्या त्या गाडीचे डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे, पुढची कांच आणि मागले दिवे अजून चांगले आहेत. ज्यांच्या चालत्या पद्मिनीस त्यांची गरज असेल त्यांनीं ते पावसाळ्यापूर्वीं उतरवून न्यावे.