निसर्गरम्य आणि अवघड

सहल म्हटली की आपल्या घरांत दोनच गोष्टी निघतात. हाती बोनस पडला असेल तर महाबळेश्वर, नसेल तर कुणाच्या तरी लग्नाचे वऱ्हाड. "मराठवाड्यात पाहायला आहे काय? ढेकळे!" असे आपलीच माणसे म्हणतात, आणि लातुरात बसून म्हणतात. त्यांना कोणी सांगावे की बापहो, तुम्ही बसला आहात तोच बालाघाट आहे. समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच पठारावर तुमचे घर आहे. त्यावर झाड उरले नाही एवढेच. लातूर जिल्ह्यात जंगल एकूण क्षेत्राच्या एक टक्कासुद्धा नाही. याच गावाला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली लेकरे आता कॉलेजात आहेत. त्यांनी धबधबा पाहिला आहे तो मोबाईलवर.

म्हणून आम्ही चार घरांनी मिळून गेल्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन आटोपून, एक क्रूझर भाड्याने केली आणि निघालो. पुढे दोन दिवसांची रजा टाकली होती. अट एकच होती. सहलीत चूल मांडायची नाही. माणसे डोंगर पाहणार आणि बायका तीन दगडांपाशी डोळे चोळत बसणार, ही सहल आम्हाला मान्य नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खारातली मिरची एवढ्यावर पहिले दोन दिवस मजेत जातात. वाढण्याचे काम पोरांकडे दिले. पहिल्या जेवणाला थोडी कुरकुर झाली, नंतर कोणी बोलले नाही.

चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट वाटेवरच पडते. बेट म्हणजे पाण्यातले नव्हे, सपाट रानात एकटीच उठलेली टेकडी. याला संजीवनी बेट म्हणतात. उत्तरा नक्षत्राच्या तेरा दिवसांत औषधी वनस्पतींसाठी लांबून माणसे येथे येतात. आम्ही गेलो तेव्हा ते दिवस सुरू होते. गवत मांडीला लागत होते आणि माणसे वाकून पाला ओळखत होती. एक गोष्ट मात्र खटकली. ज्याला त्याला मुळासकट हवे! पाने तोडली तर पुढच्या वर्षी झाड राहील, मूळ उपटले तर संजीवनीला तरी कोण संजीवनी देणार?

अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठले, एका नातलगाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोकर, हिमायतनगर, इस्लापूर या रस्त्याला लागलो. भोकरच्या पुढे जमीन बदलू लागते. सागाची झाडे दिसू लागतात, शेतांचे तुकडे लहान होतात, आणि टेकड्या रस्त्याच्या जवळ येतात. नांदेड जिल्ह्याचे खरे जंगल किनवट-माहूर या पट्ट्यातच आहे आणि पाऊसही जिल्ह्यात येथेच सर्वात जास्त पडतो.

इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. पैनगंगेचे सारे पात्र काळ्या खडकावरून एकदम खाली कोसळते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. आमच्यातल्या लेकरांनी जो आवाज केला तो त्या पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. परंतु हे पाणी बारमाही नाही हे ध्यानात ठेवावे. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहते, उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडले तर धबधबा, नाहीतर नुसता खडक. खडक शेवाळलेला असतो, तेव्हा फोटोसाठी पुढे पुढे जाऊ नये.

किनवटविषयी शहरातल्या माणसाला फार थोडे ठाऊक असते. 1956 पर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला जोडला गेला. आजही बाजारात उभे राहिले की मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा अशा पाच बोली कानी पडतात. त्याच आदिलाबादच्या डोंगरांत जोडेघाट येथे 1940 साली कोमराम भीम हा गोंड वीर निजामाच्या पोलिसांशी लढताना शहीद झाला. जमीन आणि जंगल हा त्याचा झगडा होता. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत हे नाव आम्ही अजून ऐकलेले नाही.

आता मुख्य गोष्ट.

सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा, किनवट म्हणजे काय? उत्तर येईल, "शिक्षेची बदली." बदल्यांचा मोसम आला की अर्जांचा गठ्ठा कारकुनाच्या टेबलावर पडतो. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली, कोणाच्या छातीत कळ येते, कोणाला डोंगरी हवा सोसत नाही. काही अर्ज खरे असतात आणि ते वाचताना जीव हळहळतो. काही वाचताना मात्र शाईसुद्धा लाजत असेल. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी शासनाने गावांची दोन क्षेत्रे केली आहेत, सर्वसाधारण आणि अवघड. 2017 आणि 2021 च्या शासन निर्णयांत हे सविस्तर आहे. डोंगराळ भाग, रानटी जनावरांचा उपद्रव, वाहतुकीची सोय नाही, मोबाईल लागत नाही, अशा गोष्टी मोजून गाव अवघड ठरते.

किनवटहून माहूरकडे जाताना रस्त्याच्या आत एका वस्तीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. पंधरा-वीस घरे, कुडाच्या सारवलेल्या भिंती, मागे हिरवागार डोंगर, पुढे ओढा. आमच्या मुली तर वेड्याच झाल्या. किती शांत, मोबाईललासुद्धा रेंज नाही, गाड्यांचा आवाज नाही! आम्ही कारकून माणूस, आमच्या मनात तो शासन निर्णय आला. मुली बोटावर जे मोजत होत्या तेच तिथे निकष म्हणून छापलेले आहे. गाव एकच, ते सहलीच्या यादीत निसर्गरम्य आणि बदलीच्या यादीत अवघड.

ज्या मावशींनी पाणी दिले त्यांनी ओढ्याकडे हात करून सांगितले की पूर आला की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही, बाळंतीण अडली तर बाजेवर घालून नेतात. शाळेत दोन गुरुजींची जागा आहे, एकच येतात. ते मात्र चांगले आहेत, पावसातही येतात, असे त्या दोनदा म्हणाल्या. आमच्या गाडीतले एक स्नेही शिक्षक आहेत. त्यांच्या तोंडून निघून गेले, "पण गाव फार सुंदर आहे हो मावशी."

मावशी हसल्या. "लई सुंदर हाय म्हन्ता ना गुरुजी? मग घ्या की बदली करून."

त्यात टोमणा नव्हता. सरळ आमंत्रण होते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देता आले नाही.

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली ती आपण दर जयंतीला सांगतो. सांगताना डोळ्यांपुढे मोठे अधिकारी असतात. शिक्षक, ग्रामसेवक, नर्सबाई, कारकून ही मंडळी त्यात स्वतःला धरत नाहीत. आमच्या मते आधी त्यांनीच धरावे, कारण डोंगरातल्या वस्तीला सचिव कधी दिसत नाही, गुरुजीच दिसतात. आणि हा नुसता त्यागाचा प्रश्न नाही. 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि तेथे असेपर्यंत एकस्तर वरची वेतनश्रेणी दिलेली आहे. ही सवलत ठाऊक असूनही माणसे जात नाहीत. बायकांचे म्हणणे गाडीतच निघाले आणि ते रास्त होते. लेकरांच्या दहावी-बारावीचे काय? दवाखाना लागला तर? नवरा-बायको दोघे नोकरीत असतील तर संसार दोन गावी मांडायचा का? तालुक्याच्या ठिकाणी चांगली घरे आणि चांगले कॉलेज होईपर्यंत हे प्रश्न नुसत्या भाषणाने सुटणार नाहीत. पण मावशीच्या लेकरांचीही दहावी त्याच वर्षी असते, हेही तितकेच रास्त आहे.

माहूरबद्दल थोडक्यात. तीन बाजूंनी पैनगंगेने वेढलेला डोंगर, किल्ला मोठा, पायी फिरायला अर्धा दिवस लागतो. डोंगरात कोरलेले एक लेणे आहे, राष्ट्रकूट काळातले, नाव अर्थातच पांडवलेणी. या देशात जेथे लेणे तेथे पांडव! वनवासात त्यांना छिन्नी-हातोड्याखेरीज दुसरे काही सुचलेच नसावे. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे याच भागात आहेत, ते वेळेअभावी राहिले.

परतीला गाडीत अंताक्षरी झाली. शिक्षक स्नेही खिडकीशी बसून होते. भोकर येईपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला दोन गोष्टी विचारल्या. किनवटहून नांदेडला शेवटची एसटी किती वाजता असते, आणि तेथे घरभाडे काय पडते.

मे महिन्यात पुन्हा जायचे ठरले आहे. तेव्हा धबधबा नसेल, डोंगर पिवळा पडलेला असेल, पण त्या वस्तीवर दोन तास तरी थांबायचे आहे. वर्गणी डिझेल धरून माणशी वाटून घेऊ, लेकरांची अर्धी. क्रूझरमध्ये अजून तीन जागा शिल्लक आहेत.