बँकेची पाटी आणि बँकेची वही

आमच्या घरांतील मंडळींचे पैसे पूर्वीं दोन सरकारी बँकांत असत. १ एप्रिल २०२० रोजीं दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या, त्यांत आमच्या दोन्ही एका नांवाखालीं आल्या. परवां धाकट्या सूनबाईंनीं जुनें पासबुक पुढें ठेवून विचारलें, "मामंजी, दोन दुबळे एकत्र आले म्हणजे एक सशक्त होतो का?" प्रश्न सरळ होता; उत्तर शोधण्यास मात्र आम्हांस आठ दिवस लागले.

एकीकरणाच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. एकाच रस्त्यावर दोन शाखांऐवजीं एक पुरते, भाडें वांचतें, संगणकाचा खर्च वांटला जातो. २०१७ सालीं २७ असलेल्या सरकारी बँका पुढें तीन वर्षांत १२ वर आल्या, त्या ह्याच हिशेबानें. परंतु बँकेची खरी कार्यक्षमता दिलेलें कर्ज व्याजासह परत आणण्यांत आहे. आणि ती पाटीवरून नव्हे, वहीवरून कळते.

वहीच खोटें बोलूं लागली तर? पोलाद, वीज, रस्ते अशा धंद्यांतील बड्या कारखानदारांचीं कर्जें थकलीं, तेव्हां कित्येक बँकांनीं मुदत वाढवून, प्रसंगीं जुन्याचें व्याज भरण्यास नवें कर्ज देऊन, तीं चालू असल्याचें दाखविलें. हप्ता अथवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलें कीं कर्ज थकित मानावें, असा नियम आहे. पण 'पुनर्रचना' ह्या गोड नांवाखालीं सवलत मिळत असे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. न वसूल झालेलें वसूल झाल्यासारखें दाखविणें हा त्यांतलाच एक.

शाळेंतहि हें चालतें. तपासणीच्या दिवशीं कच्च्या मुलांस घरीं राहण्यास सांगत. शेरा उत्तम मिळे, मुलें कच्चींच राहत. (एकदां आम्हीं स्वतःहि तसें सांगितलें आहे, लपवून काय करावयाचें?)

२०१५ सालीं, रघुराम राजन गव्हर्नर असतांना, रिझर्व्ह बँकेनें ती सवलत काढून घेतली आणि बँकांच्या कर्जांची कसून तपासणी आरंभिली. मार्च २०१८ मध्यें देशांतील बँकांच्या दर शंभर रुपये कर्जांत अकरांहून अधिक रुपये थकित ठरले. नियमनानें बँका बुडविल्या, अशी ओरड झाली. आमच्या मतें तें आरशावर रुसणें होतें.

पुण्यास १९३५ सालीं स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र घ्या. तिच्यावर जून २०१७ मध्यें रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. मार्च २०१८ मध्यें तिचीं शेंकडा १९ हून अधिक कर्जें थकित होतीं. जानेवारी २०१९ मध्यें निर्बंध उठले, आणि मार्च २०२४ अखेर तेंच प्रमाण शेंकडा दोनच्या आंत आलें. तिचें कोणाशींहि विलीनीकरण झालें नाहीं. तशाच निर्बंधांखालीं असलेली देना बँक मात्र १ एप्रिल २०१९ रोजीं विजया बँकेसह बँक ऑफ बडोद्यांत मिळाली. पाटी न बदलतांहि वही सुधारते, एवढें ह्यावरून दिसतें.

फुकट मात्र कांहीं झालें नाहीं. २०१६-१७ पासून पांच वर्षांत सरकारनें आपल्या बँकांत तीन लक्ष कोटींहून अधिक रुपये घातले. तो भार अखेरीस करदात्यांवरच. शिवाय पुष्कळ कर्जें वसूल न होतां नुसतीं निर्लेखित झालीं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनें कारखाना हातचा जाण्याचा धाक मालकांस बसला खरा, तरी बँकांच्या पदरीं येण्याच्या रकमेचा बहुधा अल्पांशच पडला.

हें सर्व ऐकून सूनबाई म्हणाल्या, "मग आपल्या पैशांचें काय?" ठेवींचा विमा प्रत्येक बँकेमागें प्रत्येक ठेवीदारास, व्याज धरून, पांच लक्षांपर्यंत आहे, फेब्रुवारी २०२० पूर्वीं तो एकच लक्ष होता. दोन बँका एक झाल्या म्हणजे एकाच नांवाच्या दोन्हींकडील रकमा एकत्र धरल्या जातात, हें आमच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. रात्रीं सर्व पासबुकें मांडून पाहिलीं. वडील बंधूंच्या एकट्याच्या नांवें साडेसहा लक्ष निघाले. त्यांतील दीड लक्ष येत्या सोमवारीं दुसऱ्या बँकेंत न्यावयाचे आहेत.