१२० ग्रॅमची पुडी कुठं गेली?



"बीटी फेल झालं." आमच्या भागात हे वाक्य आता नमस्कारासारखं झालंय. कृषी केंद्रावर ऐका, जिनिंगच्या रांगेत ऐका, पुढाऱ्याच्या भाषणात ऐका. जनुकवाल्या बियाण्याच्या विरोधातले म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. बियाणं विकणारे म्हणतात, शेतकऱ्यानं नियम पाळला नाही. सरकार म्हणतं, पंचनामे करू. शेतकरी म्हणतो, मला फसवलं. चौघंही अर्धंअर्धं खरं बोलतात आणि आपापल्या वाट्याचा अर्धा भाग गिळून टाकतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बीटी हे औजार चांगलं होतं. त्याच्यासोबत एक अट आली होती, १२० ग्रॅमच्या पुडीत बांधून. ती अट सगळ्यांनी मिळून धुऱ्यावर फेकली. आता औजाराला शिव्या देणं चालू आहे.

ज्या पोरांनी बीटीच्या आधीचा कापूस बघितला नाही, त्यांच्यासाठी थोडं मागचं. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीनं कापूस उत्पादकाचं कंबरडं मोडलं होतं. फवारा मारून मारून अळी मरेना, माणसं मात्र कर्जानं मेली. आंध्रात वरंगळकडं १९९७-९८ मध्ये आत्महत्यांची रांग लागली. २००१ साली गुजरातेत हिरव्या अळीनं कहर केला आणि त्यातच काही वावरं हिरवीगार उभी दिसली. चौकशी झाली तर ते विनापरवाना बीटी निघालं, नवभारत १५१. सरकार उपटायला निघालं, शेतकरी आडवे झाले. मार्च २००२ मध्ये बीटीला रीतसर मंजुरी आली. म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात ते कोणी बळंच मारलं नाही. ते शेतकऱ्याला हवं होतं.

आणि त्यानं काम केलं. देशाचा कापूस २००२-०३ मध्ये सुमारे १३६ लाख गाठी होता, २०१३-१४ मध्ये सुमारे ३९८ लाख गाठींवर गेला. सगळं श्रेय बीटीचं नाही. गुजरातेत पाणी वाढलं, खत वाढलं, कापसाखालचं रानही वाढलं. पण हिरवी अळी हटली नसती तर ते पाणी आणि खत अळीनंच खाल्लं असतं.

मग गुलाबी कुठून आली? ती कुठूनही आली नाही, ती इथलीच. १८४३ साली या किड्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली, ती भडोचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून. आपल्या पणजोबाच्या आधीपासून ती बोंडात बसलेली आहे. बीटीनं सुरुवातीला तिलाही दाबलं. पण हिरवीत आणि गुलाबीत एक मोठा फरक आहे. साऱ्या कथेची किल्ली तोच आहे, म्हणून नीट बघा.

हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटा खाते. त्या पिकांत बीटी नाही. तिथं बीटीला बळी पडणारे पतंग तयार होत राहतात आणि कापसातून वाचलेल्या एखाद्या दांडग्या पतंगाशी त्यांचं मीलन होतं. दांडगाई पातळ होत जाते. गुलाबी अळी मात्र आपल्याकडं जवळजवळ फक्त कापसावर जगते. सगळं शिवार बीटीनं भरलं तर बळी पडणारा पतंग तयार होणार कुठं? वाचलेला दांडगा नर, वाचलेली दांडगी मादी, पिल्लं सगळी दांडगी. झालं. दम्याच्या गोळ्या नव्हेत, टीबीच्या गोळ्या अर्धवट सोडल्यावर जे होतं, तसंच हे.

याच्यासाठीच ती पुडी होती. ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅम साधं बियाणं. नियम असा की वावराच्या वीस टक्के क्षेत्रावर किंवा चारी बाजूंनी पाच ओळी, जे जास्त भरेल ते साध्या कपाशीचं. इंग्रजीत रेफ्युजी म्हणत. आपल्या गावात ते नाव ऐकून लोक हसायचे. खरं तर साधा अर्थ आहे: अळीला थोडा चारा राखून ठेवा, म्हणजे औषध टिकेल.

आता पुडीचं काय झालं ते बघू. एकेकाचा हिशेब करू.

शेतकऱ्यानं पुडी धुऱ्यावर फेकली. कोणी खाडे भरायला वापरली. त्याचं मन समजतं. पाकिटाला सोळाशे रुपये मोजलेल्या माणसाला तू पाचवा हिस्सा अळीला दे, असं सांगितलं तर तो वेड्यात काढणारच. शिवाय शेजाऱ्यानं लावली तर त्याचा फायदा मलाही आहे, मग मी कशाला लावू? राजाच्या हौदात रात्रीतून सगळ्यांनी दुधाऐवजी पाणी ओतलं, ती गोष्ट लहानपणी ऐकली असेल. आमच्या शिवाराचा हौद तसाच भरला. सकाळी बघतो तर नुसतं पाणी.

कंपन्यांनी काय केलं? पाकिटावर बारीक अक्षरात सूचना छापली आणि हात झटकले. पुडीतलं बियाणं कित्येकदा नीट उगवायचंच नाही. उगवलं तरी मुख्य वाणाच्या आधी नाहीतर मागून फुलायचं. इकडचा पतंग आणि तिकडचा पतंग वेगवेगळ्या वेळी उडाले तर मीलन व्हायचं कसं? ज्या पुडीवर तंत्रज्ञानाचं आयुष्य अवलंबून, तिच्यात हलका माल. हा निष्काळजीपणा शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकता येत नाही.

सरकारनं काय केलं? नियम कागदावर केला आणि एकदाही वावरात येऊन ओळी मोजल्या नाहीत. नियम करतानाही गणित केलं नाही. एक एकराचा चौकोन धरा. बाजू साधारण ६३ मीटर. चार फुटी तासानं पाच ओळी म्हणजे सहा मीटरचा पट्टा, चारी बाजूंनी. आतला चौकोन राहिला ५१ मीटरचा. म्हणजे पट्ट्यात एकराचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. मोठ्या चकात पाच ओळी काहीच नाहीत, वीस टक्क्यांतच भागतं. दोन एकरवाल्याला तोच नियम लावला आणि मग तो पाळत नाही म्हणून बोंब मारली. नियम पायाच्या मापाचा नसला तर माणूस अनवाणी चालतो.

शास्त्रज्ञांनाही सोडत नाही. आपल्याकडं बीटी आलं ते संकरित वाणांत. संकरित झाडाच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते. काहीत दोन्ही विषं, काहीत एक, काहीत एकही नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. तिला अर्धी मात्रा चाखत चाखत सराव करायची सोय बोंडातच झाली. वर वाण १८० दिवसांपेक्षा जास्त चालणारे, आणि कपाशी जून झाली की झाडातलं विष कमी होत जातं. हे सांगणारे शास्त्रज्ञ होते, नव्हते असं नाही. पण त्यांचं बोलणं चर्चासत्रात राहिलं, बांधापर्यंत आलं ते फक्त पाकिटावरचं चित्र.

परिणाम तारखेसकट समोर आहे. २०१० मध्ये खुद्द तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनंच गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं जाहीर केलं. तोवर दोन जनुकांचं बीजी-२ आलेलं होतं, २००६ पासून. तेही २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत ढिलं पडलं. २०१७ ला आपल्याकडं बोंडं फोडली तर आत कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. नागपूरच्या अधिवेशनात मदतीची घोषणा झाली, पंचनामे झाले, फोटो झाले. पुडीबद्दल कोणी बोललं नाही.

"पण दादा, हे टिकणारच नव्हतं," असं म्हणणाऱ्यांसाठी दोन देशांची गोष्ट सांगतो. अळी हीच, तंत्र हेच.

अमेरिकेत अॅरिझोनात बीटी कापूस १९९६ पासून. तिथं साध्या कपाशीचा पट्टा शेतकऱ्यांनी सुरुवातीपासून लावला. पुढं २००६ पासून नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. २०१८ मध्ये त्यांच्या सरकारनं जाहीर केलं की देशातल्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपली. ज्या वर्षांत ती तिथं संपत आली, त्याच वर्षांत आपल्याकडं तिनं डोकं वर काढलं.

अमेरिका श्रीमंत, त्यांचं सोडा म्हणाल. मग चीन घ्या. यांगत्से नदीच्या खोऱ्यात लहान लहान शेतकरी. त्यांनी पैसे वाचवायला संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीचं बी पेरायला सुरुवात केली. त्या बियात आपोआप काही झाडं बिनबीटीची निघाली, शिवारभर पसरलेली. अळीची वाढत चाललेली दांडगाई परत खाली आली. कोणी नियम केला नव्हता, अट नकळत पाळली गेली. किड्याला तुमचा हेतू कळत नाही. शिवारात साधं झाड आहे की नाही, एवढंच त्याला कळतं.

आता पुडी गेली. मिश्र पाकीट आलं, ४७५ ग्रॅमचं, साधं बी आतच मिसळलेलं. म्हणजे फेकायची सोय बंद. चांगलं झालं, पण घोडं पळाल्यावर तबेल्याला कडी लागली. बीजी-२ ला सरावलेली अळी शिवारात बसलेली आहे. म्हणून आता पुडीची जागा दुसऱ्या अटीनं घेतली आहे, आणि ती अट आहे डिसेंबर.

गुलाबी अळीला वर्षातून काही महिने कापूस मिळू नये, एवढीच ती अट. आणि आपण काय करतो? विहिरीला पाणी आहे म्हणून अजून एक पाणी देतो, फरदड ठेवतो, मार्चपर्यंत पऱ्हाटी हिरवी. मग पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर गंजी, चुलीला होतील म्हणून. त्या गंजीतल्या सुकल्या बोंडात, दोन सरक्या जोडून त्यात अळी झोपते. मे महिन्यात कोणी ठिबकावर कापूस लावतो आणि तिला उठल्याबरोबर ताट वाढतो.

फरदडीवाला म्हणेल, मला त्यातून तीन-चार क्विंटल मिळतात, ते तू देणार का? प्रश्न खरा आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला पुढच्या जुलैचं प्रवचन देऊन भागत नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. फरदडीच्या कापसाला कवडीमुळं भाव कमी. वेचाईची मजुरी जास्त. पुढच्या हंगामात दोन-तीन फवारे वाढले, त्याचा खर्च आज कोण धरतो? आणि तेच पाणी उशिराच्या गव्हाला, नाहीतर फेब्रुवारीत उन्हाळी मुगाला, तिळाला देता येतं. रानालाही फेरपालट मिळते. माझ्या मते फरदड म्हणजे पुढच्या वर्षीच्या कापसावर यंदा काढलेली उचल आहे, आणि व्याज सगळं गाव भरतं.

दुसरा मुद्दा तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तो उघड पेरला, कायदेभंग म्हणून. निंदणाला मजूर मिळत नाही हे दुखणं खोटं नाही, आणि तंत्रज्ञान निवडायचा हक्क मागणं मला चुकीचं वाटत नाही. पण आज जे चोरून विकलं जातं त्याला ना बिल, ना उगवणीची हमी, ना कसली अट. फसलात तर तक्रार कोणाची करणार? आणि परवाना मिळाला तरी तेच एक तणनाशक दरवर्षी मारत बसलो तर तणही अळीसारखंच शिकतं. अमेरिकेतल्या जॉर्जियात कापसातलं राजगिऱ्याच्या जातीचं तण २००५ च्या सुमारास ग्लायफोसेटला जुमानेनासं झालं होतं. म्हणून मागणी करायची तर पूर्ण करा: तंत्रज्ञान द्या आणि त्याची अटही द्या, आमच्या दोन एकराच्या मापाची, मराठीत, मोठ्या अक्षरात.

भाषण पुरे. या महिन्यात करायचं ते असं:

१. डिसेंबर अखेर कापूस संपवा. पाणी असलं तरी पऱ्हाटीला देऊ नका.
२. शेवटच्या वेचणीनंतर वावरात मेंढ्या-बकऱ्या बसवा. राहिलेली हिरवी बोंडं त्या साफ करतात.
३. पऱ्हाटी गंजी लावून ठेवू नका. श्रेडर मिळाला तर कुट्टी करून जमिनीत घाला.
४. जिनिंगवाल्यांना सांगा, कामगंध सापळे लावा आणि किडकी सरकी, कचरा उन्हाळाभर उघड्यावर ठेवू नका.
५. पुढच्या वर्षी जूनच्या आधी पेरणी नको, आणि गावाची पेरणी शक्यतो एकाच पंधरवड्यात.
६. हेक्टरी पाच सापळे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की मगच फवाऱ्याचा विचार, आणि तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

यातलं एकट्यानं केलेलं बरंचसं वाया जातं, हे मला माहीत आहे. पतंगाला सातबारा वाचता येत नाही, तो धुरा ओलांडतोच. म्हणून हा विषय ग्रामसभेत घ्या. रस्ता, नाली, सभामंडप यावर तासन्‌तास भांडतो, अर्धा तास बोंडअळीवर भांडू. कृषी सहायकाला बोलवा. ठराव करा की अमुक तारखेनंतर गावात हिरवी पऱ्हाटी दिसणार नाही. जो ऐकणार नाही त्याला आधी समजवा, मग लागलं तर त्याच्या पऱ्हाट्या उपटायला चार जण मदतीला जा.

आणि कृषी विद्यापीठाच्या साहेबांना एक विनंती. पुढचं तंत्रज्ञान येईल तेव्हा अट पुडीत बांधून पाठवू नका. आधी बांधावर या, आमच्यासोबत ओळी मोजा.

पटलं तर करा. नाही पटलं तर मुद्दा घेऊन या, वाद घालू. नुसतं "बीटी फेल झालं" एवढंच म्हणणार असाल, तर आधी सांगा, तुमच्या गावात १२० ग्रॅमची पुडी कुठं गेली?