जुनी इनोव्हा की नवी एसयूव्ही?

नांदेडला देगलूर नाक्याजवळ माझ्या मोठ्या बहिणीचे, आपाचे घर आहे. गेले दोन महिने त्या घरात दस्तरख्वानावर एकच विषय होता, गाडी. दूल्हेभाईंचे कापडाचे दुकान आहे. मोठी मुलगी लातूरला नीटच्या क्लाससाठी हॉस्टेलवर राहते. आपाच्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सासू, दोन लहान मुलगे धरून घरात सात माणसे. आतापर्यंत मोटारसायकल आणि एसटीवर निभावले, पण अब्बांना एसटीची पायरी चढवत नाही. गाडी घ्यायची हे ठरले. कोणती, हे ठरेना.

दूल्हेभाईंच्या मनात नवी छोटी एसयूव्ही. रस्त्यावर येईपर्यंत साडेबारा लाख. अब्बांचे म्हणणे, लातूरला ओळखीतून 2014 ची डिझेल इनोव्हा मिळते आहे, सव्वासहा लाखांना, सातही माणसे बसतील, कर्ज नको. घरात शिल्लक साडेपाच लाख. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून आपाने मला बोलावले, की बाजी, तू मासिकात लोकांना हिशोब शिकवतेस, आता आमचा करून दे.

मी आधी गाड्यांची गोष्ट बाजूला ठेवली आणि भाच्याच्या हाती वही दिली. मागच्या वर्षभरात घरातले कोण, कुठे, किती जण गेले ते आठवून लिहायला सांगितले. लातूरच्या फेऱ्या, अब्बांचा दवाखाना, कंधारचा उरूस, हैदराबादचे लग्न, सगळे. एकूण एकतीस प्रवास निघाले. त्यात सातही जण एकत्र गेले ते फक्त चार वेळा. बाकी वेळी तीन किंवा चार माणसे. अब्बा वहीकडे बघत राहिले. चार दिवसांसाठी सात आसनांची गाडी वर्षभर दारात पोसायची, की ते चार दिवस भाड्याची गाडी करायची? हा प्रश्न वहीनेच विचारला.

पण एक गोष्ट ठाम सांगते. पाच आसनांच्या गाडीत सात माणसे कोंबायची नाहीत. लोहा, अहमदपूर, चाकूरवरून जाणारा लातूरचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद झाला आहे आणि गाड्यांचा वेग वाढला आहे. मांडीवर बसवलेले मूल ब्रेक लागला की हातात राहत नाही. मागच्या आसनावरही पट्टा लावायचाच.

आता हिशोब. नवी गाडी घ्यायची तर साडेचार लाख रोख आणि आठ लाख कर्ज. साडेनऊ टक्के दराने सात वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे 13,075 रुपये. सात वर्षांत बँकेला जातात जवळपास 10 लाख 98 हजार. म्हणजे व्याजच तीन लाखांच्या घरात. व्याजाचा मसला आपल्या घरात कोणाला सांगावा लागत नाही. कोणत्या मजबुरीत काय चालते, हे ज्याने त्याने आलिमांना विचारावे, मी त्यात पडत नाही. पण निव्वळ संसाराच्या नजरेने पाहिले तरी हा आकडा डोळ्यात भरतो. त्यात दुकानाचा धंदा लग्नसराईचा. आषाढ-श्रावणात गल्ला बसतो, हप्ता मात्र बारा महिने उभाच राहतो.

याच वेळी दूल्हेभाई सहज बोलून गेले, की आपाच्या बांगड्या मोडल्या तर कर्ज कमी होईल. त्या बांगड्या तिच्या मेहरच्या. आपा काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. मुलगी फोनवर होती, तिने ऐकले. ती म्हणाली, "अब्बू, तुम्ही गाडी घेऊ नका, मी एसटीनेच येत जाईन." त्या रात्री जेवण झाले पण कोणी बसले नाही. दुसऱ्या दिवशी दूल्हेभाईंनी स्वतःच विषय काढला. मेहर ही बायकोची मालकी आहे, तिने खुशीने दिले तर गोष्ट वेगळी, मागायचा हक्क आपला नाही, असे ते सर्वांसमोर म्हणाले. मला वाटते, गाडीचा अर्धा निर्णय तिथेच झाला.

मग आम्ही लातूरला ती इनोव्हा पाहायला गेलो. गाडी दिसायला चकाचक. मीटरवर 1 लाख 12 हजार किलोमीटर. आम्ही सोबत आपल्या भरवशाचा मिस्त्री नेला होता. त्याने मालकाकडून सर्व्हिसची जुनी कागदे मागितली. चार कागद मिळाले, त्यातल्या 2019 च्या एका बिलावर लिहिले होते 1 लाख 68 हजार. मीटर मागे फिरवलेले! विकणाऱ्याने आधी हसून नेले, मग म्हणाला, मलाही असेच मिळाले होते.

परतताना अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मदीनेच्या बाजारातली ती घटना सांगितली, जी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले निघाले, आणि ओले वर का ठेवले नाही, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. अब्बा म्हणाले, "मीटर म्हणजे आजचा ढीगच की." दोष लपवून विकलेल्या मालात बरकत नसते. आपल्यापैकी कोणी जुनी गाडी विकत असेल त्यानेही हे लक्षात ठेवावे.

इनोव्हा वाईट गाडी नाही. मजबूत सांगाड्यावर बांधलेली, लांबच्या रस्त्याला आरामाची, म्हणूनच जुनी होऊनही भाव टिकवते. पण अकरा-बारा वर्षांच्या कोणत्याही गाडीला टायर, क्लच, सस्पेंशनचा खर्च लागतो. सव्वासहा लाखांत आणखी लाखभर बाजूला ठेवूनच तिच्याकडे पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणजे 2014 च्या गाडीला 2029 मध्ये आरटीओची परीक्षा आहेच.

ज्याला आपण छोटी एसयूव्ही म्हणतो ती खरे तर क्रॉसओव्हर. जीपसारखा वेगळा सांगाडा नसतो, कारसारखीच बांधणी, फक्त उंची जास्त. तिचा एक फायदा अब्बांनी शोरूममध्ये बसून पाहिला. सीट कमरेच्या उंचीवर येते, वाकायचे नाही, चढायचेही नाही. गुडघेदुखीच्या माणसाला हे मोठे सुख. गाडी घेताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला नेऊन बसवून पाहा. त्यांना जी जमेल तीच घराची गाडी.

मग मधला रस्ता सापडला. "जुनी" म्हणजे दहा वर्षांचीच कशाला? नियम बदलत गेले तशा गाड्या बदलल्या आहेत, ती वर्षे ध्यानात ठेवा. एप्रिल 2019 पासून सर्व नव्या कारना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंजिन. 2022 उजाडेपर्यंत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची. म्हणून चार-पाच वर्षांची गाडी सुरक्षेत नवीच्या बरीच जवळ जाते आणि किमतीत खूप खाली येते. जुनीचा भाव करताना आणखी एक मुद्दा हाती ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, नव्या स्वस्त झाल्या. मग जुनीचा भाव कालचा कसा राहील?

डिझेल की पेट्रोल, हेही वहीनेच सांगितले. बीएस-6 डिझेलमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी लांब आणि वेगात पळावी लागते. रोज इतवाऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ती तुंबते. वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने पेट्रोलच घ्यावे.

शेवटी लातूरमध्येच एका मालकाची 2021 ची पेट्रोल क्रॉसओव्हर सात लाखांना ठरली. 38 हजार किलोमीटर, सर्व्हिसची सगळी कागदे जुळणारी. दोष सांगायचा तर तोही सांगते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी 1 एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज थोडे पडते आणि रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावे लागते. हे मान्य करूनच घेतली.

दीड लाख कमी पडत होते. आपाने तिच्या भिशीचे उचलले आणि दिले, बांगड्या तशाच राहिल्या. मुलगी सुट्टीत आली होती, तिने कागद-पेन घेतले. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, मग घरातला का नको, असे म्हणून तिने लिहिले. रक्कम, परत करायची मुदत, दोन साक्षीदार. दूल्हेभाईंनी हसत सही केली. दर महिन्याला दहा हजार, पंधरा महिने. हप्ता आहे, व्याज नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा, आणि बाकी चलन आहे का ते परिवहनच्या ॲपवर पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात, नुसत्या स्टँपपेपरवर गाडी आपली होत नाही. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. एमएच-24 ची गाडी नांदेडला आली तरी नंबर बदलत नाही. पण देगलूर-बिलोलीच्या पलीकडून तेलंगणाची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर तिकडची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर, हे सगळे मागून येते. ते धरून भाव करा. हैदराबादला ऑक्टोबर 2020 मध्ये मोठा पूर आला होता. तिकडच्या त्याआधीच्या गाडीचे कार्पेट उचलून आणि सीटचा पट्टा पूर्ण ओढून चिखलाचा डाग पाहा.

नवी गाडी घेऊच नये असे नाही. पैसे रोख असतील, फिरणे भरपूर असेल आणि दहा-बारा वर्षे तीच वापरायची असेल, तर नवीच परवडते. वॉरंटी असते, मनाला शांती असते. फक्त शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली म्हणून आपल्या दारात हवी, हे कारण पुरेसे नाही.

मागच्या रविवारी आपाच्या घरचे लातूरला मुलीला भेटून आले. अब्बा पुढच्या सीटवर, पट्टा लावून. माझ्याकडे चहाला थांबले तेव्हा कोणाचा हात न धरता उतरले. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.