आधी भाडं, मग खरेदीखत

मंडळी, निवृत्तीच्या पैशातून सेलूला एक छोटं घर घेऊन ठेवलं होतं. राहायला आम्ही वालूरलाच. ते घर म्हणजे गुंतवणूक. आता चकरा होत नाहीत, म्हणून विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं तो माझाच जुना विद्यार्थी. छोटं दुकान चालवतो. म्हणाला, "गुरुजी, उत्पन्नाचे कागद नाहीत म्हणून बँक कर्ज देत नाही. निम्मे आत्ता देतो, बाकीचे तीन वर्षांत हप्त्यानं. खरेदीखत तेवढं आत्ताच करून द्या."

मला वाटलं, द्यावं करून. मुलगा म्हणाला, "आधी भाड्याने द्या. पैसे फिटले की खरेदीखत."

विचारांती मला मुलाचं पटलं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली गुजरातमधल्या एका जमिनीच्या खटल्यात सांगितलं आहे, की किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्यावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. विकणाऱ्याने बाकीसाठी दावा लावावा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे थकलेल्या रकमेचा बोजा घरावर राहतो, हे खरं. पण या वयात कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? त्याही आपल्याच विद्यार्थ्याविरुद्ध?

भाड्याचा करारही तोंडी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे तो लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

हे सगळं सांगितल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मी पैसे भरत राहीन. मधेच तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

प्रश्न टोचला, पण रास्त होता. मी फक्त माझ्याच बाजूने कागद मांडत होतो! मग ठरलं: भाडेकरार वेगळा, साठेखत वेगळं, दोन्ही नोंदलेली. साठेखतात किंमत आणि मुदत स्पष्ट. ते वारसांनाही बांधील राहतं. तरी मुलाची सही साक्षीदार म्हणून.

अमेरिकेतला पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, इकडे अशा सौद्यात घर घेतलं नाही तर आगाऊ दिलेली रक्कम बहुधा बुडते." मला ते पटलं नाही. भाडं ते भाडं, ते माझं. पण किमतीपोटी घेतलेला पैसा सौदा मोडला तर परत, असं कलम मीच घालायला लावलं. घर माझ्याकडेच राहणार असेल, तर त्याची किंमत कशी ठेवून घ्यायची?

असो. विश्वास असतो म्हणूनच कागद नीट करावा, असं मला वाटतं. तुमचा अनुभव काय?